किलरशच्या याद्या : आयर्लंडच्या दुष्काळावर लघुप्रबंध लिहिताना

बटाट्याचे पीक रोगाने गेल्यामुळे आयर्लंडमध्ये १८४५ ते १८५२ या काळात पडलेल्या दुष्काळावर लघुप्रबंध लिहायचे मी ठरवले, तेव्हा मार्गदर्शकांनी पहिली अट घातली ती ही की संपूर्ण देशावर लिहायचे नाही. एखादे परगण्याएवढे क्षेत्र निवडावे, त्यातील माणसे नावानिशी शोधावीत आणि मगच मोठ्या वादांविषयी बोलावे, असे त्यांचे म्हणणे होते. मी इतिहासाची विद्यार्थिनी नव्हते. पुण्यात अर्थशास्त्राची पदवी, नंतर बँकेतील नोकरी आणि मग नवऱ्याच्या कामामुळे डब्लिनला आल्यावर अर्धवेळ एम.ए., असा माझा प्रवास होता. त्यामुळे आकड्यांची भीती नव्हती; पण आकडे कोणी, कशासाठी आणि कोणाला वगळून लिहिले, हा प्रश्न विचारण्याची सवय मात्र याच कामात लागली.

पहिले कित्येक महिने केवळ वाचनात गेले. या दुष्काळावरील लेखनाचा इतिहास हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे. १९५६ मध्ये निघालेला विद्यापीठीय इतिहासकारांचा लेखसंग्रह अतिशय संयत होता, इतका की मृत्यूंची संख्या किती हा प्रश्नच त्याने जवळजवळ टाळला. १९६२ मध्ये सेसिल वुडहॅम-स्मिथ यांचे पुस्तक आले. ते वाचकांनी डोक्यावर घेतले आणि व्यावसायिक इतिहासकारांनी भावनाप्रधान म्हणून बाजूला ठेवले. कोंडी फुटली ती अर्थशास्त्रज्ञांमुळे. ज्यांना पुढे २०२५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले त्या जोएल मोकिर यांनी १९८३ मध्ये जिल्हावार आकडेवारी घेऊन आयर्लंड उपाशी का मरला याची मांडणी केली, आणि कॉर्मक ओ ग्राडा यांनी पुढील दोन दशकांत लोकसंख्या, बाजारभाव, वर्कहाउस (म्हणजे निराधारांना कामाच्या अटीवर ठेवून घेणारी आश्रयगृहे) आणि लोकस्मृती अशा चारही अंगांनी हा विषय पुन्हा उभा केला. दहा लाखांच्या आसपास अतिरिक्त मृत्यू हा आज सर्वमान्य झालेला अंदाज या पिढीच्या कामातून आला. १८४१ च्या जनगणनेत ८१,७५,१२४ असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५,५२,३८५ वर आली होती. त्यातील मृत्यू किती, स्थलांतर किती आणि जन्मालाच न आलेली मुले किती, हे वेगळे करण्यासाठी जी खटपट करावी लागते ती समजून घेताना माझी बँकेतली वर्षे पहिल्यांदा उपयोगी पडली.

ही खटपट करावी लागते त्याचे एक कारण डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभी, तेथे मोठा स्फोट होऊन आग लागली आणि सरकारी अभिलेखागाराचा कोष जळून गेला. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची घरोघरची पत्रके थोडे अवशेष सोडता त्यात नष्ट झाली. मात्र सगळा दोष आगीला देता येत नाही. १८६१ आणि १८७१ ची पत्रके सरकारनेच आधी नष्ट केली होती, तर १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली. म्हणून घरोघरची पूर्ण माहिती मिळते ती १९०१ पासून. स्फोटाच्या शताब्दीला, जून २०२२ मध्ये, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या अभिलेखांच्या नकला, उतारे आणि पर्यायी कागद जगभरच्या ग्रंथालयांतून गोळा करून एक आभासी अभिलेखागार खुले करण्यात आले. तेथे बसल्या जागी खूप काही मिळते, परंतु १८४१ मध्ये एखाद्या झोपडीत कोण राहत होते, हे तेथेही मिळत नाही.

मी निवडले ते क्लेअर परगण्याच्या पश्चिम टोकाचे किलरश युनियन. युनियन म्हणजे गरीब-कायद्याच्या, अर्थात निराधारांना मदत देण्याविषयीच्या कायद्याच्या, अंमलबजावणीसाठी आखलेला विभाग; प्रत्येक युनियनला एक वर्कहाउस, जमीनमालक व करदात्यांचे एक गार्डियन मंडळ आणि खर्च भागवण्यासाठी स्थानिक कर. किलरशची निवड करण्यामागे कारण होते. नोव्हेंबर १८४७ मध्ये येथे कॅप्टन आर्थर केनेडी हा निरीक्षक म्हणून आला आणि आपल्या डोळ्यांदेखत घरे पाडली जात आहेत हे पाहून त्याने वरिष्ठांना अहवाल आणि त्यांसोबत बेदखल झालेल्या कुटुंबांच्या याद्या पाठवण्यास सुरुवात केली. त्या याद्या १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेसमोर छापील स्वरूपात ठेवल्या गेल्या. डब्लिनमधले जळले तरी लंडनमध्ये छापलेले उरले, हा आयर्लंडच्या इतिहासलेखनातला नेहमीचा अनुभव आहे आणि माझा लघुप्रबंध त्याच जोरावर शक्य झाला.

बेदखलीमागचे गणित समजल्याशिवाय या याद्या वाचता येत नाहीत. वार्षिक मूल्यांकन चार पौंड किंवा त्याहून कमी असलेल्या जमिनीचा गरीब-कर कुळाने नव्हे तर मालकाने भरायचा, असा नियम १८४३ पासून होता. म्हणजे लहान कुळे जितकी जास्त, तितका मालकाचा कर जास्त. त्यात जून १८४७ मध्ये विल्यम ग्रेगरी या खासदाराने सुचवलेले कलम कायद्यात आले : पाव एकरापेक्षा, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा गुंठ्यांपेक्षा, अधिक जमीन ताब्यात असलेल्याला सरकारी मदत मिळणार नाही. उपाशी कुळाने मदतीसाठी जमीन सोडायची आणि जमीन सुटली की मालकाने घर पाडून ते पुन्हा करपात्र होणार नाही याची तजवीज करायची, अशी ही दुहेरी कात्री होती. किलरशमधील सर्वांत मोठा जमीनदार कर्नल क्रॉफ्टन व्हँडेलर हाच गार्डियन मंडळाचा अध्यक्षही होता, आणि मार्कस कीन हा अनेक मालकांचा कारभारी घरे पाडण्यात सर्वांत पुढे होता. १८४१ मध्ये सुमारे ८२,००० लोकवस्ती असलेल्या या युनियनमधून किती माणसे बेदखल झाली याचा आकडा अभ्यासकांनी वेगवेगळा काढला आहे. तो दहा हजारांच्या बराच वर होता याविषयी मात्र दुमत नाही.

काम असे सुरू झाले. याद्यांतील प्रत्येक नोंद मी तक्त्यात उतरवू लागले : कुटुंबप्रमुखाचे नाव, घरातील माणसे, टाउनलँड, जमीनमालक, घर पाडले की नाही, आणि शेरा. टाउनलँड हे आयर्लंडमधील जमिनीचे सर्वांत लहान नामधारी एकक. देशभरात अशी साठ हजारांहून अधिक आहेत. याद्या गावोगावच्या मदत-अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या असल्यामुळे सर्वत्र तपशील सारखे नाहीत. कोणी शेऱ्यात अक्षरशः दोन शब्द लिहितो, तर कोणी तापाने पडलेल्या माणसाला कसे बाहेर काढले, कुटुंब सध्या कोणाच्या वळचणीला आहे, हेही नोंदवतो. उतरवून घेण्याचे काम यांत्रिक आहे असे मला आरंभी वाटले होते, पण शेऱ्यांचा रकाना पुढे सरकू लागला तशी कामाची गती आपोआप मंदावली, आणि त्या रकान्याला संक्षिप्त संकेत न देता मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवावा असे मी ठरवले.

दुसरा टप्पा जुळणीचा होता. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात सगळ्या देशातील घरे आणि जमिनी यांचे मूल्यांकन छापले गेले. क्लेअरचे १८५५ मध्ये आले. त्यात प्रत्येक टाउनलँडमधील कब्जेदार, त्याचा मालक, क्षेत्र आणि मूल्य असते. बेदखल यादीतील माणूस सात-आठ वर्षांनी त्याच किंवा शेजारच्या टाउनलँडमध्ये पुन्हा दिसतो का, हे पाहायचे होते. अडचण अशी की पश्चिम क्लेअरमध्ये मॅकमहोन आणि ओब्रायन पावलोपावली भेटतात, प्रथम नावे मायकल, पॅट्रिक, जॉन, थॉमस अशी मोजकीच, आणि आयरिश बोलणाऱ्या माणसाचे नाव इंग्रजीत लिहिणारा कारकून कधी ‘ओ’ ठेवतो, कधी काढून टाकतो. नुसत्या नावावर जुळणी केली तर कोणीही कोणाशीही जुळते. मार्गदर्शकांनी सुचवल्याप्रमाणे मी जुळणीचे नियम आधीच लिहून ठेवले : नाव आणि टाउनलँड दोन्ही जुळले आणि त्या टाउनलँडमध्ये त्या नावाचा दुसरा कोणी नसला तर पक्की जुळणी, टाउनलँड शेजारचे असेल पण मालक तोच असेल तर संभाव्य, बाकी सर्व अनिर्णित. अनिर्णितांचा ढीग मोठा झाला. तो तसाच ठेवणे हे या कामातले सर्वांत अवघड शिस्तपालन होते, कारण संभाव्य जुळण्या पक्क्या धरल्या असत्या तर निष्कर्ष कितीतरी देखणे झाले असते.

तिसरा आधार १८५१ च्या छापील जनगणनेचा. माणसांची पत्रके जळाली तरी छापील खंडांत प्रत्येक टाउनलँडची १८४१ आणि १८५१ ची लोकसंख्या व घरांची संख्या शेजारीशेजारी दिलेली आहे. यादीत ज्या टाउनलँडचे नाव वारंवार येते तेथे घरांचा आकडा कोसळलेला दिसतो, हे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते हे की यादीत अजिबात न येणाऱ्या काही टाउनलँडमध्येही तो तसाच कोसळला होता. तेथे कारभाऱ्याची माणसे आली नव्हती, किंवा आली तरी कोणी नोंद केली नव्हती. लघुप्रबंधाचा रोख या ठिकाणी बदलला : बेदखल झालेल्यांचे काय झाले, याऐवजी बेदखलीच्या यादीत येण्यासाठीसुद्धा माणसाकडे काय असावे लागत होते, हा प्रश्न मी समोर ठेवला.

उत्तर सोपे होते आणि तरी ते मला बराच काळ दिसले नव्हते : ज्याच्याकडून काढून घ्यायची ती जमीन आधी त्याच्याकडे असावी लागते. या दुष्काळाचे सर्वाधिक छापले गेलेले चित्र घ्या. २२ डिसेंबर १८४९ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये ब्रिजेट ओडॉनेल आणि तिची दोन मुले यांचे रेखाचित्र आले, फाटक्या वस्त्रांतील ती कृश स्त्री आज पाठ्यपुस्तकांपासून स्मारकांपर्यंत सर्वत्र दिसते आणि ती किलरश युनियनमधलीच आहे. चित्रासोबत तिचे निवेदनही छापले होते. नवऱ्याकडे साडेचार एकर जमीन आणि तीन एकर दलदलीची जमीन होती, वर्षाचा खंड सात पौंड चार शिलिंग होता, काही खंड थकला होता. ती तापाने आजारी आणि गरोदर असताना माणसे घर पाडायला आली, मूल मृत जन्मले, आणि पुढे तेरा वर्षांचा मुलगा भुकेने गेला. दारिद्र्याचे प्रतीक ठरलेली ही स्त्री किलरशच्या उतरंडीत सर्वांत खाली नव्हती. तिच्या खाली मजुरीच्या बदल्यात बटाट्याचा तुकडा कसणारे, किंवा एका हंगामापुरते वावर भाड्याने घेणारे लोक होते. त्यांचा मालकाशी थेट करार नव्हता, त्यांचे नाव खंडाच्या वहीत नव्हते, आणि बटाटा गेल्यावर त्यांना काढून टाकण्यासाठी कोणाला कोर्टात जावे लागत नव्हते. ते कागदावर दिसतात ते उणे चिन्हाने. १८४१ च्या जनगणनेने एका खोलीच्या मातीच्या झोपड्यांना चौथ्या वर्गाची घरे म्हटले होते; देशात अशी सुमारे ४,९१,००० घरे होती, १८५१ मध्ये ती १,३६,००० च्या आत आली.

अलीकडच्या संशोधनाकडे मी या प्रश्नासह परत गेले तेव्हा ते वेगळे दिसू लागले. किल्केनीच्या जुन्या वर्कहाउसच्या आवारात २००५-०६ मध्ये बांधकामाआधीच्या उत्खननात दुष्काळकाळातील सामूहिक दफने सापडली; जॉनी गेबर यांनी किमान ९७० व्यक्तींच्या अस्थींचा अभ्यास करून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. स्कर्व्हीच्या खुणा तेथे मोठ्या प्रमाणावर आढळल्या, कारण बटाटा हाच या लोकांचा ‘क’ जीवनसत्त्वाचा जवळजवळ एकमेव पुरवठा होता आणि त्याऐवजी दिलेल्या मक्याच्या पिठात ते नव्हते. ज्यांचे नाव कोणत्याही वहीत नाही त्यांच्याविषयी काही ठाम सांगणारा हा मला भेटलेला पहिला पुरावा. दुसऱ्या बाजूला ब्रँडन मॅक सुइव्नी यांचे २०१७ मधील पुस्तक आहे. डोनेगॉलमधील एका छोट्या वस्तीत दुष्काळानंतर कोणाची जमीन कोणाकडे गेली, याचा माग घेत ते शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतात. जमीनदार आणि सरकार यांच्या पलीकडे, थोडीशी बरी स्थिती असलेल्या कुळानेही खालच्याची जागा घेतली, हे आयरिश समाजात फारसे मोठ्याने बोलले जात नसे. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून गोळा केलेल्या लोककथांचा संग्रह आता घरबसल्या वाचता येतो. त्यातील क्लेअरची पाने मी चाळली तेव्हा दुष्काळ बहुधा पलीकडच्या गावात, दुसऱ्याच कुणाच्या घरात घडलेला असतो. यात लबाडी नाही. सांगणारे वाचलेल्यांचे वंशज आहेत.

अभिलेखागारांतील काम त्यामानाने सरळ होते. बिशप स्ट्रीटवरील राष्ट्रीय अभिलेखागारात वाचक-पत्र काढावे लागते, आत फक्त पेन्सिल नेता येते, आणि मागवलेला गठ्ठा येईपर्यंत थांबावे लागते. मी मागवत होते ते गुन्ह्यांचे अहवाल आणि १८४५ ते १८४७ या काळातील मदत आयोगाचे कागद. हे डब्लिन कॅसलमध्ये ठेवलेले असल्यामुळे १९२२ च्या आगीतून वाचले. गठ्ठ्यांतील निम्मा मजकूर पोलिसांचा, उरलेला धर्मगुरू आणि स्थानिक समित्या यांच्या विनंत्यांचा. किलरशलाही जाऊन आले. व्हँडेलरांचे घर १८९७ मध्ये जळाले आणि नंतर पाडले गेले. भिंतीने वेढलेली बाग उरली आहे आणि ती पर्यटकांसाठी नीट राखलेली आहे. शॅनाकाइलच्या दफनभूमीत सामूहिक कबरी आहेत. त्या भेटीने लघुप्रबंधात एक ओळही वाढली नाही, पण अंतरे कळली : युनियनच्या पश्चिम टोकापासून वर्कहाउसपर्यंत उपाशी माणसाने चालत येणे म्हणजे काय, हे नकाशावर कळत नव्हते.

लिहायला बसल्यावर प्रश्न आला तो जबाबदारीचा. पीटर ग्रे यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले होते की ब्रिटिश कोषागारातील अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन आणि अर्थमंत्री चार्ल्स वुड यांच्यासारख्यांच्या मनात या संकटामागे ईश्वरी संकेत आहे आणि आयरिश समाज सुधारण्याची ही संधी आहे, अशी धारणा होती. उलट चार्ल्स रीड यांनी २०२२ च्या पुस्तकात भर दिला तो १८४७ च्या ब्रिटिश आर्थिक संकटावर : सरकारची कर्ज उभारण्याची क्षमता आटली, मदतीचा भार आयर्लंडमधील स्थानिक करांवर ढकलला गेला आणि त्या करवाढीने स्थलांतराला रेटा दिला. रीड यांचा युक्तिवाद बँकेत काम केलेल्या व्यक्तीला पटकन पटतो, आणि किलरशच्या याद्या त्याच्या उत्तरार्धाला दुजोराच देतात, कारण चार पौंडांच्या नियमाखाली करवाढ थेट घरे पाडण्यात उतरते. तरीही तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. जुलै १८४७ मध्ये रोज तीस लाखांच्या आसपास लोकांना शिजवलेले अन्न मिळत होते; हे करून दाखवलेले सरकार काही महिन्यांत ते बंद करते आणि त्याच उन्हाळ्यात पाव एकराचे कलमही आणते, यात तिजोरीइतकाच विचारसरणीचाही हात होता. सगळा सरकारी खर्च मिळून एक कोटी पौंडांहून कमी भरला, आणि त्यातला बराचसा कर्जाऊ होता. लघुप्रबंधात मी दोन्ही मांडण्या ठेवल्या, पण कौल ग्रे यांच्या बाजूने दिला.

ट्रेव्हेलियनचे नाव आल्यावर दख्खनकडे न पाहणे मला शक्य नव्हते. कोषागारात येण्यापूर्वी तो बारा वर्षे हिंदुस्थानात नोकरीला होता आणि नंतर मद्रासचा गव्हर्नर झाला. १८७६-७८ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत सरकारला कळवली. किलरशमध्ये धडधाकट माणसाला पीठ मिळण्यासाठी खडी फोडावी लागत होती; १९७२ मध्ये आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी फोडलेली खडीही तशीच होती. परंतु तुलनेचे प्रकरण मी लिहिले नाही. दोन्हीकडील कागद एकाच बारकाईने वाचल्याशिवाय अशी तुलना म्हणजे केवळ साम्यांची यादी होते, आणि दख्खनचे कागद मी अजून तसे वाचलेले नाहीत.

परीक्षकांनी लघुप्रबंध स्वीकारताना एक शेरा लिहिला : यादीबाहेरच्यांविषयीचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे, परंतु यादीत नसलेल्या टाउनलँडमधील घट मृत्यूमुळे किती आणि जमीन स्वतःहून सोडून निघून गेल्यामुळे किती, हे वेगळे केलेले नाही. ते मला या साधनांनी करता येत नव्हते, आणि तसे मी मजकुरात लिहिलेही होते. सध्या त्या टाउनलँडसाठी मूल्यांकन अधिकाऱ्यांच्या हस्तलिखित नोंदवह्या पाहते आहे. ग्रिफिथच्या छापील पानांच्या आधी तयार झालेल्या या वह्यांत कब्जेदाराचे नाव खोडून दुसरे लिहिलेले सापडते. ते कोणाचे खोडले आणि कोणाचे लिहिले, हे टाउनलँडमागून टाउनलँड उतरवणे चालू आहे.